नव्या गाडीतली टिकटिक

तो वाकला, हात पँटला पुसले आणि पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवला – तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग शेजारच्या निळ्या गाडीच्या. डोळे मिटून. मी फाटकातच थांबले. असं काही चाललेलं असताना मध्ये जाणं बरं दिसत नाही.

"दोन्ही गार आहेत," तो म्हणाला. गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने. "विकणारे आधीच इंजिन तापवून ठेवतात. तापलं की निम्मी दुखणी दडतात."

"माणसांचंही तसंच असतं," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही… मी मेरिन पास्को. फोन मीच केला होता."

"फर्गस डोहर्टी." त्याने हात पुढे केला. बॉनेटवर ठेवलेला तोच. गार होता.

जुनी गाडी घेणाऱ्याला ती आधी तपासून देणं, हा त्याचा धंदा. पंधरा वर्षांत त्याने एकाही रिपोर्टात खोटं लिहिलेलं नाही, असं गावात सगळेच सांगतात. ज्यांच्या गाड्या त्यापायी विकल्या गेल्या नाहीत, ते जरा जोरात सांगतात.

माझा धंदा कान तपासण्याचा. वायॅला हे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं पोलादाच्या कारखान्याचं गाव. भट्टीशेजारी जन्म काढलेली माणसं माझ्या दाराबाहेर रांगेत बसलेली असतात. दिवसभर लोक माझ्याशी ओरडून बोलतात आणि संध्याकाळी साडेपाचनंतर कोणीच बोलत नाही. याला दोन वर्षं झाली. सुरुवातीला मी रोज समुद्रावर जायचे. मग खिडकीतून समुद्र बघायला लागले. पुढे पुढे समुद्र आहे, एवढं माहीत असणंही पुरायला लागलं.

महिनाअखेरीला इथला करार संपत होता. "अजून वर्षभर थांबता का?" असं दवाखान्याने विचारलं होतं, तिकडे पर्थच्या हॉस्पिटलने कायमची जागा देऊ केली होती. मी पर्थला तोंडी हो म्हणून मोकळी झाले होते, सही तेवढी बाकी होती. पर्थ इथून तेवीसशे किलोमीटर, आणि त्यातले बरेचसे नुसतेच किलोमीटर. एवढं एकटीने जायचं तर निदान गाडीने तरी बोलावं, म्हणून मला शीळ घालत पळणारी टर्बोची गाडी हवी होती. शहाणी माणसं अशा वेळी कुत्रा पाळतात.

गाड्या ग्लेनिसच्या होत्या. म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, कीथच्या. तो फेब्रुवारीत गेला. दोन्ही एकाच जपानी घराण्यातल्या, दहा वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या. निळी पंचवीस वर्षांची. पांढरी पंधरा वर्षांची, म्हणून ती नवी.

"एक न्या," ग्लेनिस पायरीवरूनच म्हणाली. वय अडुसष्ट, हातात चहाचा मग, पायात नवऱ्याच्या चपला. "कुठली ते तुम्हीच ठरवा. मी ठरवायला बसले की रडू येतं, आणि रडले की माझं नाक सुजतं."

"आज निळी बघतो," फर्गस म्हणाला. "पांढरी पुढच्या शनिवारी. एका दिवशी दोन ऐकल्या की कानांचा गोंधळ होतो."

त्याने निळी चालू केली. तिने खोकून निळसर धूर सोडला आणि थरथरत उभी राहिली. त्याने लांबलचक स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाशी नेली. सगळेच मेकॅनिक असं ऐकतात. पण ते मूठ कानाच्या भोकाशी धरतात. ह्याने ती कानामागच्या हाडावर दाबली, चांगली घट्ट. त्या हाडाशी माझी जुनी ओळख आहे. कान दगा देतो तेव्हा माणूस त्या हाडाकडे जातो.

"डावीकडून टिकटिक येतेय," मी म्हणाले. "खाली… बारीकशी."

त्याने आधी इंजिनाकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं.

"हो हो," तो म्हणाला. "येतेय ना."

आम्ही दीपगृहाच्या रस्त्याला लागलो. गाडी मी चालवत होते, तो शेजारी, मांडीवर वही. दोन्हीकडे तांबडी माती, खुरटी झुडपं आणि उजव्या हाताला ते निवांत, कोणाचंच नसलेलं पाणी. मी पाय दाबला. गाडी ढिम्म.

"बिघडली का?"

"थांबा."

"काहीच होत नाहीये…"

"थांबा हो जरा! जुन्या टर्बोला आधी श्वास घ्यावा लागतो. पांढरी लगेच पळते, हिचं तसं नाही. हिच्यात आधी काहीच होत नाही, आणि मग –"

मग सीटने मला मागून ढकललं. झुडपं एकमेकांत मिसळली. कोणीतरी मोठ्यांदा हसलं… ती मीच होते, हे कळायला थोडा वेळ लागला.

"पर्थला का चाललात?" त्याने विचारलं.

"नोकरी."

"तिथे कोण आहे?"

"नोकरी."

तो वहीत बघत राहिला. "ही गाडी तिथवर पोचायची नाही. एकोणीस दोष झालेत आत्ताच. हिला मेकॅनिक जवळपास लागतो."

"किती जवळ?" मी त्याच्याकडे वळून विचारलं.

"हाक मारली तर ऐकू येईल इतका," तो म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग तुमचं जरा अवघड आहे, फर्गस."

मी त्याच्याकडे न बघताच बोलले होते, तोंड रस्त्याकडे. तो गप्प. पुढे वळणावर मी त्याच्याकडे मान वळवून तेच पुन्हा म्हणाले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"कधी कळलं?"

"स्क्रूड्रायव्हर कानामागे गेला तेव्हा."

त्याने वही मिटली.

"माझं पोट कानावर आहे," तो म्हणाला. "कोणाला सांगू नकोस."

"सोमवारी साडेचारला माझी खोली रिकामी असते," मी म्हणाले.

सोमवारी तो सव्वाचारलाच आला. केस विंचरून. मी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले. लावताना बोटं कानामागच्या केसांना लागतात. कामाचाच भाग आहे. दिवसातून चौदा वेळा लागतात. तेरा वेळा मला कळतही नाही.

"आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी."

मी काचेच्या अलीकडे बसले. तो दाबत गेला. पाचशे हर्ट्झला दाबलं, हजाराला दाबलं, चार हजारांना दाबलं, सहा हजारांनाही. मी चकित झाले. मग मी मुद्दाम काहीच आवाज सोडला नाही, नुसतं वर बघितलं. त्याने बटण दाबलं.

"फर्गस, तू ऐकून दाबतोयस की माझ्याकडे बघून?"

"…दोन्ही."

"असं चालत नाही."

"तू आवाज सोडलास की पापण्या वर उचलतेस. अर्धा सेकंद. मग परत खाली. डावी जरा उशिरा येते."

माझ्या पापण्यांची चौकशी गेल्या कित्येक वर्षांत कोणी केली नव्हती. आणि केली ती कोणी, तर परीक्षेत कॉपी करणाऱ्याने.

मी खुर्ची फिरवली, त्याच्याकडे पाठ करून बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ह्या वेळी खरा आलेख आला. तीन हजारांपर्यंत रेघ सरळ, आणि मग कड्यावरून पाय घसरावा तशी खाली. बारीक टिकटिक, किटलीची शीळ, पानांची सळसळ, हे सगळं त्या कड्याखाली. वय एकोणचाळीस.

"रात्री काय करतोस?" मी विचारलं. फॉर्मवर हा प्रश्न नाही.

"गॅरेजच्या मागे राहतो. रेडिओ मोठ्याने लावतो. शेजार नाही, त्यामुळे भांडण नाही." तो थांबला. "भांडायला आला असता कोणी तर मी चहा केला असता."

त्यावर मी हसले. घरी आल्यावर मात्र त्यात हसण्यासारखं काय होतं ते आठवेना. किटली ठेवली. शिट्टी झाली. मी ती बंद न करता तशीच ऐकत उभी राहिले, ओट्याशी, एकटी.

पुढच्या शनिवारी पांढरी गाडी. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, हाच तिचा मोठेपणा. किल्ली फिरवली की चालू. धूर नाही, खोकला नाही. मी दीपगृहापर्यंत गेले आणि आले. ती गाडी मला पर्थलाच काय, पर्थच्या पुढे समुद्र नसता तर तिथेही घेऊन गेली असती. आता न जाण्याला कारणच उरलं नव्हतं. सोमवारी सही.

फर्गसने वीस मिनिटं स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. मग बॉनेटवर वही ठेवून रिपोर्ट लिहिला आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडे न बघता.

'वरच्या बाजूने बारीक टिकटिक ऐकू येते. लांबच्या प्रवासाला घेऊ नये.'

मी दोनदा वाचलं. टिकटिक नव्हती. माझे कान दरवर्षी तपासले जातात, आणि मी जाता-येता दुसरं काही केलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. पण ते सोडा. एक वेळ टिकटिक असतीही. पण ती *ऐकू आली* असं ह्या गावात कोणी म्हणू शकत नसेल, तर तो हाच.

आधी मला राग आला. हा माणूस पंधरा वर्षं खरं लिहितो आणि खोटं नेमकं माझ्या कागदावर. मग हळूहळू लक्षात आलं, की कागद मला पर्थला जाऊ नको म्हणत होता. मला हे म्हणायला आजवर कोणी काही खर्चच केलं नव्हतं. ह्याने स्वतःचं नाव खर्च केलं होतं.

माझ्या पिशवीत श्रवणयंत्रांची जोडी होती, चाचणीसाठी देतात ती. त्याला द्यायला म्हणूनच आणली होती.

"खाली बस," मी म्हणाले. तो पायरीवर बसला. मी एकेक यंत्र त्याच्या कानात बसवलं आणि चालू केलं.

तो दचकला. वर बघितलं, मग माझ्याकडे. "हे काय आहे?"

"चिमण्या."

"एवढ्या?"

"रोज असतात." मी पांढरी गाडी चालू केली. "आता ऐक."

तो इंजिनाशी उभा राहिला. स्क्रूड्रायव्हर न घेता. खूप वेळ.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"टिकटिक… नाही."

"मघाशी होती?"

त्याने मान खाली घातली. "नव्हती."

मी गाडी बंद केली. चिमण्या तेवढ्या राहिल्या.

"मग जे सांगायचंय ते गाडीच्या तोंडून कशाला सांगतोस?" मी म्हणाले. "तुला तोंड आहे ना?"

पहिल्यांदा यंत्र लावणाऱ्याला स्वतःचाच आवाज ढणढणतो, म्हणून तो आपोआप हळू बोलतो. सगळ्यांचं होतं. आयुष्यभर ओरडून बोललेला फर्गस डोहर्टी इतक्या हळू बोलला, की माझा धंदा वेगळा असता तर मला कळलंही नसतं.

"जाऊ नकोस."

"काय म्हणालास?"

"ऐकलंस तू."

"नाही."

"मेरिन, तुझे कान –"

"नाही ऐकलं."

तो पुन्हा म्हणाला. थोडं वर. स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"मला ऐकू आलं हं!" ग्लेनिस ओरडली. "मशीन न लावता!"

फर्गसने माझ्या हातातला कागद घेतला, फाडला. नवा लिहिला. पांढरी गाडी, दोष नाही, लांबच्या प्रवासाला उत्तम. खाली सही. तो माझ्या हातात देताना म्हणाला, "हे खरं आहे. मघाशी बोललो तेही खरं आहे. पण हे तुला आधी मिळायला हवं होतं." आणि अंगणातल्या वाटेच्या त्या टोकाला जाऊन, आमच्याकडे पाठ करून तो हत्यारांची पेटी आवरायला लागला. घाईने, माणूस बस चुकू नये म्हणून आवरतो तसा. यंत्रं कानात तशीच.

ग्लेनिस बाहेर आली, माझ्याशेजारी उभी राहिली. तिच्या चपला मोठ्या होत्या. चालताना फटफट वाजायच्या.

"मग कुठली नेतेस, पोरी?"

"निळी."

ती निळ्या गाडीकडे बघत राहिली. नाक पुसलं. "ती पर्थला पोचायची नाही गं."

"माहीत आहे," मी म्हणाले. अगदी हळू, तिच्यापुरतं.

तिकडे पेटीत पाना ठेवणारा हात अर्ध्यातच थांबला.