ताईची परदेशाची वही

"माझी वही चोरीला गेलीय," ताई फोनवर म्हणाली. "तू आत्ताच्या आत्ता ये."

सोनंनाणं नाही, वही! मामा अर्धा चहा तसाच टाकून निघाले. सगळे त्यांना इन्स्पेक्टरमामा म्हणत, पण ते पोलिसातले नव्हेत, विजेच्या खात्यातले. लोकांच्या घरचं वायरिंग तपासण्यात उभा जन्म गेला. खाकी कधी अंगाला लागली नाही, संशय घ्यायची खोड मात्र हाडीमाशी खिळली.

ताईच्या घरात खोक्यांचा नुसता बाजार मांडला होता. अकरा वाजता राहतं घर विकल्याच्या कागदावर ताई आणि भाऊजी, दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या. त्या पैशांतून परदेशात घर घ्यायचं, मुलाजवळ राहायचं. मुलगा दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी तिकडे गेलेला. तिथलं घर तो दर रविवारी फोनवर फिरून फिरून दाखवायचा. सही झाली की डोक्यावरचं हे छप्पर गेलं, आणि दुसरं छप्पर त्या दोघांना नव्हतंच.

वर्षभर ताईने त्या देशाचा अभ्यास केला होता. कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, दुकानं किती वाजता बंद होतात, शेजाऱ्याकडे आधी न कळवता जायचं की नाही, सगळं त्या वहीत. तिथल्या भाषेची शिकवणीसुद्धा लावली होती. मला पाहुणी म्हणून जायचं नाही, शेजारीण म्हणून जायचंय, असं ती सगळ्यांना ऐकवायची. यावर भाऊजी म्हणायचे, तिथलं सरकार आता हिलाच विचारून कारभार करणार!

मामांनी खुर्ची ओढली.

"शेवटची कधी पाहिलीस?"

"काल दुपारी. फ्रिजवर होती."

"त्यानंतर घरात कोण कोण आलं?"

तिघंच. घराचा दलाल कागद घेऊन आला, बाहेरच्या खोलीत बसला आणि तिथूनच गेला. लेक दिवसभर सामान बांधत होती. आणि भाऊजी. लेकीचा संशय दलालावर. पण त्याला फ्रिज कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. लेकीचं म्हणाल तर घर विकायला तिचाच पहिल्यापासून विरोध, आणि तोही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. तिला काही अडवायचं असतं तर वही लपवायच्या भानगडीत ती पडलीच नसती.

"शेवटच्या पानांवर काय होतं?" मामांनी विचारलं.

ताईचा चेहरा जरा उजळला. "त्या घरातल्या ओट्याचं चित्र. कुठे काय ठेवायचं ते. मला मिक्सरची काळजी होती बघ. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, तिथल्या प्लग पॉइंटला दोन तिरप्या फटी असतात, आपली पिन बसत नाही. म्हणून ॲडॅप्टर आणून ठेवला. पण रविवारी त्याने ओटा दाखवला, तर आपल्यासारखीच तीन गोल भोकं! म्हटलं, चला, मिक्सर सरळ बसेल."

मामांनी हळूच विचारलं, "हे कुणाला सांगितलंस?"

"ह्यांना दाखवलं ना सोमवारी. बरं झालं म्हणाले."

भाऊजी खिडकीशी पेपर वाचत होते. मामा आल्यापासून पान काही उलटलं नव्हतं.

मामा उठून खोके बघू लागले. सगळ्यांना खाकी चिकटपट्टी, लेकीच्या हातची, वाकडीतिकडी. एकच खोका सुतळीने बांधलेला: आडवा, उभा, कोपऱ्यावर गाठ आणि सुटं टोक आत खोचलेलं. भाऊजींची सगळी नोकरी टपालाच्या पार्सल खात्यात गेली होती.

"भाऊजी, हा खोका तुम्ही बांधलात?"

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. मामांनी सुतळी कापली. मिक्सरच्या भांड्याखाली वही होती.

"अहो, मीच काल ह्या खोक्याला पट्टी लावली होती," लेक म्हणाली. "पण मामा, बाबा कशाला वही लपवतील?"

"कारण ताईने चित्र खरं काढलंय, आणि तिच्या आधी ते त्यांना कळलं. मी ह्याच कामात म्हातारा झालो गं. घराला पॉइंट बसतात ते तिथल्या मापाचे, नाहीतर वीजच जोडून मिळत नाही. ते घर परदेशातलं नाही. इथलंच आहे. आणि ते दाखवणाराही इथेच कुठेतरी आहे. आज वही पुन्हा उघडली असती आणि मी ते पान पाहिलं असतं, तर सही झाली नसती. म्हणून ती सहीपर्यंत दिसायला नको होती."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. भाऊजी खाली बघत बोलू लागले.

"तो गेलाच नव्हता कधी. आपण विमानतळाच्या गाडीत बसवून आलो, तो पुढच्या शहरात उतरला. कसलासा धंदा काढला, तो बुडाला. लोक मागे लागलेत. दलाल त्याचाच मित्र. सोमवारी मी फोन केला तर लहान पोरासारखा रडला गं. मुलगा आहे आपला. तुरुंगात जाऊ द्यायचं?"

"मग वही जाळली का नाही?" मामांनी विचारलं.

"वर्षभराचं तिचं अक्षर. हात धजला नाही."

मामांना त्या क्षणी भाऊजींचा भयंकर राग आला, आणि कीवही आली. राग जास्त होता.

ताईने एवढंच विचारलं, "सही झाल्यावर मी कुठे राहणार होते?"

"दोन खोल्या बघितल्यात भाड्याने. व्हिसा अडकलाय म्हणून सांगितलं असतं. वर्ष, दोन वर्षं."

"आणि मी रोज अभ्यास करत बसले असते."

तेवढ्यात बेल वाजली. दलाल दारात उभा, गाडी खाली. ताई स्वतः गेली, सही होणार नाही एवढं सांगून दार लावलं. मग फोन घेतला आणि मुलाला लावला. पलीकडून "हं, आई, झाली सही?" असं स्पष्ट ऐकू आलं.

ताई शिकवणीतल्या त्या भाषेत काहीतरी म्हणाली. छोटंसं वाक्य, सावकाश, एकेक शब्द सुटा.

"काय? आवाज तुटतोय, आई."

तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"काय बोलतेस? काही कळत नाहीये."

ताईने फोन बंद केला आणि खोक्यावर बसली. वर्षभरात बाईंखेरीज आणखी कुणाशी ती त्या भाषेत बोलली, ती आज पहिल्यांदाच.

"काय विचारलंस त्याला?" भाऊजींनी दबकत विचारलं.

"जेवलास का, म्हणून."