बैठकीतला गारठा

"आई, खरं सांगा... आम्ही बाहेर पडल्यावर दिवसभर हीटिंग वाढवून बसता ना तुम्ही?"

सुनेचा, मैत्रीचा, हा प्रश्न कानावर पडला आणि लतिकाबाईंची तव्यावरची पोळी उलटायची राहूनच गेली! दाराजवळच्या मीटरच्या कपाटापाशी त्यांचा मुलगा धनराज अजून वाकूनच उभा होता. दर महिन्याला घर तापवणाऱ्या गॅसचा आकडा बघायची त्याची सवय, पण या जानेवारीत गॅस दुपटीनं जळला होता. परदेशातल्या या वाखनिंगनच्या विद्यापीठातली त्याची संशोधनाची नोकरी उन्हाळ्यात संपणार, पुढची कुठे मिळेल याचा पत्ता नाही, मैत्रीचे दिवस भरत आलेले, आणि त्यात हे! जाब विचारावा तर कुणाला? दिवसभर घरात सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या एकट्या लतिकाबाईच तर असत.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, असं लतिकाबाई मनाशी म्हणाल्या आणि पोळी उलटली.

कारण खरं काय ते त्या एकट्यांना ठाऊक होतं! मुलगा सायकलवर आणि सून बसनं ऑफिसला गेली, की त्या बैठकीतल्या, खोली तापवणाऱ्या दोन्ही रेडिएटरची चक्री पिळून घट्ट बंद करत, दोन स्वेटर चढवत, वरून शाल लपेटत आणि संध्याकाळी दोघं यायच्या आधी चक्री पुन्हा उघडत. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला, त्या बटणांच्या डबीला, हात लावायची त्यांना भीती वाटे. चक्रीचं मात्र कळत होतं. नळ बंद केला की पाणी वाचतं, इतकं साधं! वरच्या मजल्यावरचे रेडिएटर त्यांनी मुद्दाम उघडे ठेवले होते. जडावलेली सून थकून येणार, तिच्या खोलीत ऊब नको? त्या उबेत आपण जाऊन बसावं, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. लेक-सुनेच्या खोलीत त्यांच्या माघारी पाय टाकायचा म्हणजे काय!

"धनराज," हात धुऊन त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून घे. मी पुण्याला जाते."

"अगं आई, रागावतेस काय लगेच?" तो गडबडला, आणि गडबडीत माणसं बोलू नये तेच बोलतात. "बरं, तुझी मर्जी... बाळंतपणाचं काही अडणार नाही म्हणा. इथे नर्स आठवडाभर घरी येते."

अडणार नाही!... ऐन तारुण्यात कपाळीचं कुंकू पुसलं गेल्यावर कुणापुढे पदर न पसरता येरवड्याच्या दवाखान्यात परिचारिकेची नोकरी करून ज्या बाईनं याला शिकवलं, परक्यांची शेकडो बाळं जिनं याच हातांवर झेलली, तिच्या स्वतःच्या नातवंडाचं तिच्यावाचून काही अडणार नव्हतं! डोळ्यांत पाणी तरारलं, पण ते दाखवतील तर त्या लतिकाबाई कसल्या. डिंक, अळीव, खारीक, सगळं पिशवीतून काढून त्यांनी स्वयंपाकघरात मांडून ठेवलं. आपण नसलो तरी सुनेला लाडू मिळायला हवेत ना!

त्याच आठवड्यात पाय सुजले म्हणून मैत्री ऑफिसातून दुपारीच परतली. बैठकीचं दार उघडलं तर आत बाहेरच्यासारखाच गारठा! कोपऱ्यात शालीत गुरफटलेल्या लतिकाबाई बाळाचे लंगोट शिवत होत्या आणि बोटं आखडली की काखेत धरून ऊब देत होत्या.

"आई! हे काय... रेडिएटर बंद?"

"अगं, मला उकडतं जरा," लतिकाबाई म्हणाल्या. त्यांना खोटं कधी जमलंच नव्हतं.

मैत्रीनं त्यांचे हात हातात घेतले. बर्फ झाले होते. ती तशीच जिना चढून वर गेली, आपल्या रिकाम्या खोलीतल्या रेडिएटरला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. सगळं तिच्या ध्यानात आलं! खाली आली ती रडतच.

"रोज अशा बसत होता? मी नाही नाही ते बोलले, तेव्हा एका शब्दानं सांगायचं तरी होतंत!"

"केलेलं बोलून दाखवलं की त्याचे उपकार होतात, पोरी," लतिकाबाई म्हणाल्या. "आणि माझ्या घरात मी उपकार कुणावर करू?"

मैत्रीनं चक्री उघडली, आलं घालून चहा केला आणि सासूच्या पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवली.

संध्याकाळी धनराज आल्याबरोबर ती त्याला म्हणाली, "गॅसचं कारण सापडलं. चूक माझी होती. वरचे रेडिएटर मीच उघडे टाकून जाते."

"पण ते तर पूर्वीही उघडेच असायचे," धनराज विचारात पडला. रोपांच्या काचगृहांत तापमान राखण्यातच त्याचा दिवस जाई. "थर्मोस्टॅट बैठकीत आहे. बैठक तापली की गॅसचा बॉयलर थांबतो. आता बैठकच कुणी थंड ठेवली असेल, तर तो बिचारा दिवसभर जळतच..."

"माझं चुकलं म्हणाले ना मी!" मैत्री जवळजवळ ओरडलीच. "कशाला खोलात शिरतोस?"

स्वयंपाकघराच्या दारात लतिकाबाई थबकल्या. आयुष्यभर तापमापक झटकून तापाचा अंदाज घेतलेल्या बाईला आणखी काय समजावून सांगायला हवं होतं? आपण कुडकुडत बसलो आणि आपल्या त्या कुडकुडण्यानंच या पोरांचा गॅस जाळला!... क्षणभर धरणी दुभंगावी असं त्यांना झालं. आणि ही पोर? हिला दुपारीच कळलं होतं सगळं! सासूचा मान जाऊ नये म्हणून ही नवऱ्यापुढे दोष अंगावर घ्यायला निघाली होती. अभिमानानं लतिकाबाईंचा ऊर भरून आला.

गप्प राहणं सोपं होतं. पण त्या ताठ मानेनं पुढे आल्या.

"मैत्री, माझी चूक मला दे. दुसऱ्याच्या माथी मारून जगले नाही मी आजवर. धनराज, रेडिएटर मी बंद करत होते. वाचवायला गेले आणि दुप्पट जाळून बसले. हसा हवं तर!"

हसलं कुणीच नाही. धनराजनं खाली वाकून आईचे पाय धरले. "आई... मी तुला काही अडणार नाही म्हणालो गं..."

"ऊठ. आणि एक ऐकून ठेव," त्यांनी सुनेला जवळ ओढलं. "तोंडावर जाब विचारते आणि दुसऱ्याची चूक पोटात घालते. अशी सून मी दिवा घेऊन शोधली असती, तरी मिळाली नसती!"

मैत्री त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली. जरा वेळानं धनराजनं चाचरत विचारलं, "मग... तिकिटाचं काय करू?"

"कसलं तिकीट?" लतिकाबाई कडाडल्या. "ती नर्स येईल तेव्हा तिला खुर्ची द्या, चहा द्या. बाळाला न्हाऊ मी घालणार! आणि चांगलं ऊन ऊन पाणी घेऊन, खोली तापवून घालणार... जळू दे गॅस जळायचा तेवढा!"