रेडिएटरमधली गंगा

“गणराया, शुक्रवारी मी नागपूरला चाललो... कायमचा!”

देव्हाऱ्याकडे तोंड करून रत्नाकर बोलला खरा, पण ऐकवायचं होतं ते मागे पाटावर जपमाळ घेऊन बसलेल्या नानांना. गंगेच्या ब्रह्माघाटावरच्या त्या घरात आता माणसं उरली होती दोनच, बाप आणि लेक, आणि चौदा वर्षांत नाना आपल्या मुलाशी अवाक्षर बोलले नव्हते! काही हवं झालं की ते गणपतीला सांगत, “गणराया, तांदूळ संपले हो,” आणि रत्नाकर मुकाट्याने पिशवी घेऊन बाजारात जाई. मग त्यालाही तीच सवय लागली. बिचाऱ्या देवाने निरोप्याच्या या कामाबद्दल कधी तक्रार केली नाही.

नानांची माळ क्षणभरही थांबली नाही. ‘जाऊ नको’... एवढंच ते म्हणाले असते, देवाला उद्देशून का होईना, तर रत्नाकरने नागपूरच्या नोकरीवर तिथल्या तिथे पाणी सोडलं असतं. पण नाना उठले आणि संध्येला निघून गेले.

अपराध तरी काय होता त्याचा? तो एकोणीस वर्षांचा असताना आई गेली, नानांच्या भिक्षुकीचे यजमान तुटले, धाकटी भावंडं प्रसन्न आणि कालिंदी अजून शाळेत जात होती. तेव्हा वडिलांपाशी चाललेलं वेदाध्ययन अर्ध्यावर सोडून त्याने मालाच्या पिकअपचं स्टिअरिंग हाती धरलं. आज प्रसन्न नागपुरात बँकेत होता, कालिंदी सासरी सुखात होती... आणि ज्याने आपल्या उमलत्या आयुष्याची समिधा केली, तो मात्र बापाच्या लेखी मेलेला! “सात पिढ्यांचा वेद तू रस्त्यावर नेऊन टाकलास,” हे नानांचं त्याच्याशी शेवटचं वाक्य. आता प्रसन्ननेच भावाला तिकडे काम बघून दिलं होतं.

जायचं ते गाडी घेऊनच. पण अठ्ठ्याहत्तर सालची ती पिकअप महिनाभर रुसून बसली होती. राजघाटाच्या पुलापर्यंत पोचते न पोचते तोच तापमानाचा काटा लाल पट्टीत आणि बॉनेटमधून वाफेचे लोट! बुधवारी त्याने ती मच्छोदरीच्या गोपीनाथ मिस्त्रीपुढे नेऊन उभी केली.

“पानी तो मुँह तक भरा है, रतन भैया. फिर खौलता काहे है?” रेडिएटरचं झाकण उघडून गोपीनाथने कपाळाला आठ्या घातल्या. पंख्याचा पट्टा घट्ट होता, पाइप धड होते, पाण्यात बुडबुडे येत नव्हते, म्हणजे इंजिनाचं हेडही शाबूत. फक्त पंप जरासा गळत होता.

रत्नाकर मात्र चक्रावला. गळतंय, आपण आठ दिवसांत थेंबभर घातलेलं नाही... मग हे भरलेलं कसं?

गोपीनाथने रेडिएटरवरून हात फिरवला. वर चटका, खाली थंडगार! “जाम है,” म्हणत त्याने खालचं बूच काढलं, तर पाणी येईना. तार घालून ढोसलं तेव्हा भदभदा राखाडी चिखल बाहेर पडला.

“ई त गंगाजी की माटी है! बाढ़ का पानी कौन डालता है इसमें?”

“मैं तो नल का ही डालता हूँ...” रत्नाकर बोलता बोलता थबकला. वरच्या तोंडाशी काहीतरी काळं अडकलं होतं. त्याने ते बोटाने काढलं. तुळशीची मंजिरी होती ती, शिजून काळी पडलेली! गंगेच्या पाण्यात रोज तुळस टाकतं कोण, हे त्याला ठाऊक होतं.

रेडिएटर शुक्रवारी, निघण्याआधी, उतरवून धुवायचा ठरला. गल्लीत सायकल शिरायची मारामार, म्हणून गाडी नेहमीसारखी सडकेवर उभी राहिली, आणि गुरुवारी पहाटे रत्नाकर तिच्यातच चोरासारखा अंग चोरून बसला.

उजाडता उजाडता नाना आले... ओलेते, गुडघ्यावर हात टेकत, हातात तांब्याचा तांब्या. त्र्याहत्तर वर्षांचा तो जीव घाटाच्या साऱ्या पायऱ्या चढून इथवर आला होता! बॉनेट उचललं गेलं, दोघांच्या मध्ये पत्र्याची भिंत उभी राहिली, आणि भिंतीपलीकडून पाण्याच्या धारेबरोबर प्रवासाला निघणाऱ्याच्या रक्षणाचा मंत्र ऐकू येऊ लागला. रत्नाकरने तोंडात रुमाल कोंबला. चौदा वर्षं... हा मंत्र माझ्यासाठी?

मध्येच नाना अडखळले. पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागले, पुन्हा तिथेच अडले. पुढचा चरण आठवेना! साऱ्या घाटाला संथा देणारा तो कंठ असहायपणे गप्प झाला... आणि रत्नाकरला राहवलं नाही. चौदा वर्षं न उच्चारलेला तो चरण त्याने गाडीतूनच म्हटला.

 पलीकडून नानांचा आवाज आला.

“चुकलास. तिथे स्वर खाली उतरतो... पुन्हा म्हण.”

रत्नाकर खाली उतरला. रडत रडतच त्याने तो चरण पुन्हा म्हटला आणि वडिलांचे पाय धरले.

“विसरला नाहीस रे, रत्ना!” नानांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “आणि मी... मी म्हातारा हट्टाला पेटून बसलो! तू बाहेर पडलास की जीव थाऱ्यावर नसायचा, म्हणून रोज गंगामाईला तुझ्याबरोबर पाठवत होतो. आधी पळीभर मावायचं, हल्ली आख्खा तांब्या मावतो. तरी ही तापते कशी रे? पाणी कमी पडलं का माझं?”

रत्नाकरच्या नखांत कालचा चिखल अजून होता. त्याने हात पाठीमागे नेले.

“नाही नाना. पट्टा ढिला होता नुसता.”

“मग उद्या तू...” नानांनी त्याचा खांदा धरला. “जाऊ नको रे.”

“नाही जात, नाना!”

शुक्रवारी गोपीनाथने रेडिएटर उतरवून लख्ख धुतला. सगळी हकिकत ऐकून तो हसला आणि म्हणाला, “अब बाबूजी से कह दो, नल का पानी डाला करें.”

“नहीं भैया,” रत्नाकर म्हणाला, “तुम हर महीने खोलकर धो दिया करो.”

आणि येत नाही अशी प्रसन्नला तार करायला तो पोस्टाकडे निघाला.