मिराबाईसाठी आलेला निरोप

बांगड्या उतरवायला शेजारच्या बाया आल्या, तेव्हा मिराबाई मागच्या दाराने निसटली आणि थेट तातेरावांच्या घरी आली.

१९४८ सालचा हिवाळा. तातेराव पूर्वी निजामाच्या पोलिसात अमीन, म्हणजे फौजदार, होते. नोकरी सोडल्यापासून ते वसमतला लोकांची खाजगी प्रकरणं तपासत. त्यांचे मित्र किसनराव, पेन्शनीतले मास्तर, तिथेच चहा घेत बसले होते.

मिराबाई सिंधमधून आलेली. नवरा म्हाताऱ्या बापासाठी कराचीत मागे राहिला. ती लेकीला घेऊन आली आणि द्वारकाबाईंकडे खोली घेऊन राहिली. फाळणीत ताटातूट झालेल्यांचे निरोप तेव्हा रेडिओवर वाचत. पुनमचंद शेठच्या हळदीच्या गोदामात रेडिओ होता. तिथला मुनीम सूर्यकांत याने तिचं नाव आणि वसमतचा ठिकाणा रेडिओला कळवला होता. रोज संध्याकाळी ती तिथे जाऊन बसे.

"परवा मला ताप होता," ती म्हणाली. "सूर्यकांतभाऊ सांगायला आले. मुलीचे वडील आगबोटीवर वारले, असं रेडिओ बोलला. पण ते तर रेल्वेने येणार होते. मला पटत नाही."

"आगबोटीचं आधी कुणी बोललं होतं?" तातेरावांनी विचारलं.

"कुणीच नाही."

सूर्यकांत तातेराव आणि किसनरावांना गोदामात भेटला. त्याचा चेहरा उतरला होता.

"म्या ऐकलं न्हाई. बातम्या संपल्या की लोक उठून जातेत. मी बाहेर गाडीत पोती भरून राहिलो होतो. मिराबाईंच्या जागी द्वारकाबाई आल्या होत्या, त्या एकट्याच बसल्या होत्या. रडत बाहेर आल्या. म्हणल्या, तो आगबोटीवर वारला, तूच सांग तिला, माज्यानं होणार न्हाई."

"हे निरोप असतात कसे?"

"समदे एकाच चालीचे. अमका माणूस अमक्याला शोधून राहिला, तो अमक्या जागी हाय. बस, इतकंच."

बाहेर पडताच किसनराव हळूच म्हणाले, "हाच असणार. तिच्यासाठी रोज धडपडतो. नवरा मेला तर फावणार कुणाचं?"

"मग निरोपाची चाल त्यानं मला काहून सांगितली?" तातेराव म्हणाले. किसनरावांना त्याचा अर्थ लागला नाही.

द्वारकाबाई अंगणात मिराबाईच्या लेकीची वेणी घालत होत्या. बाईंना मूलबाळ नव्हतं. शेजारी गाठोडं बांधून ठेवलं होतं.

"लेकराला माहेरी, हट्टा गावाला घेऊन चालले. तिच्या मायला जरा सावरू द्या."

"रेडिओची हिंदुस्थानी समजते तुम्हाला?" तातेरावांनी विचारलं.

"माजे मालक हैदराबादेत नोकरीला होते. शब्द न् शब्द समजतो."

"नाव बराबर ऐकलं?"

"व्हय. त्याचं, मिराबाईचं, आपल्या वसमतचं बी."

तातेरावांनी किसनरावांना पाठवून मिराबाई आणि सूर्यकांत दोघांना बोलावून घेतलं. सगळे अंगणात उभे राहिले.

"रेडिओवर शोधणाऱ्याचं नाव येतं आणि तो कुठे आहे ते येतं," तातेराव म्हणाले. "हे मला सूर्यकांतनं सांगितलं. बातमी त्यानं रचली असती, तर हे त्यानं दडवलं असतं. द्वारकाबाईंनी मिराबाईच्या नवऱ्याचं नाव ऐकलं. वसमतही ऐकलं. म्हणजे मिराबाईचा निरोप त्याच्यापर्यंत पोचला होता आणि त्यानं उलट निरोप दिला. मेलेला माणूस बायकोला शोधत नाही, बाई."

मिराबाई एक पाऊल पुढे आली.

"आणि आगबोट?" किसनरावांनी विचारलं.

"ती खरी आहे. तो बोटीनं येईल हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यानं खरा निरोप ऐकला, त्याच्याच तोंडी आगबोट येणार. ऐकणारं एकच माणूस होतं."

द्वारकाबाईंचे हात वेणीतच थांबले होते.

"तो येऊन लेकराला घेऊन गेला असता," त्या म्हणाल्या. "ही मला आई म्हणती."

"कुठे आहे तो?" तातेरावांनी विचारलं.

"मुंबईला उतरला. कल्याणच्या छावणीत हाय."

मग मिराबाई शांतपणे म्हणाली, "मावशी, तापात तुम्ही माझ्या उशाशी बसला होता. मी रडत होते, आणि तुम्ही माझे डोळे पुसत होता."

मिराबाईने लेकीला उचललं. अर्धी वेणी सुटून पोरीच्या पाठीवर पसरली. पोरगी द्वारकाबाईंकडे हात करून रडू लागली, तरी मिराबाई थांबली नाही.

सूर्यकांत तार करायला पळाला. त्याच आठवड्यात मिराबाईचा नवरा वसमतच्या स्टेशनवर उतरला. पोरीने त्याला ओळखलं नाही. ती रात्री झोपेत "आई, आई" अशा हाका मारत होती, आणि त्या कुणाला आहेत, हे मिराबाईने नवऱ्याला कधीच सांगितलं नाही.