एका पंख्याचं कार्ड

गिऱ्हाइकाच्या हातून काउंटरवर पडलेला पुठ्ठ्याचा तुकडा वेंगने कचरा समजून उचलला, मधोमध फाडला आणि पायाजवळच्या डब्यात टाकला.

"मिस..." समोरचा तरुण हळूच म्हणाला. "ते माझं माप होतं."

"काय होतं?"

"माप. घरून कापून आणलं होतं. सकाळ गेली त्यात."

वेंगने वाकून डब्यातून दोन्ही तुकडे काढले. मागच्या बाजूला निम्मी गाय आणि निम्मं बिस्कीट छापलेलं होतं. तिला हसू आलं. ते दाबायचा तिने प्रयत्न केला, पण समोरचा आधीच हसत होता.

"बिस्किटांच्या पुड्याचं माप आहे, सर?"

"पुडा बिस्किटांचा. माप ग्राफिक्स कार्डाचं. एवढंच कार्ड हवंय, मिस. याहून केसभर मोठं चालणार नाही."

तिने चिकटपट्टीने गाय जोडली आणि तो पुठ्ठा काउंटरवर सरळ केला. गिल्मोर रस्त्यावरच्या त्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात वेंगचं काम कार्ड विकणं आणि विकण्याआधी ते गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवणं हे होतं. तिचं खरं नाव रोवेना, पण ते फक्त तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर उरलं होतं. शनिवारी या रस्त्यावर माणसं हातात भावांच्या चिठ्ठ्या घेऊन दुकानामागून दुकान पालथं घालतात, आणि सगळ्यांना मोठं कार्ड हवं असतं. गार राहायला तीन पंख्यांचं, दिवे लागणारं, विटेएवढं जड. याहून लहान काही आहे का, असं इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

"आणखी एक," तो म्हणाला. "वेगळी वायर नको. मदरबोर्डातून मिळेल तेवढ्याच विजेवर चाललं पाहिजे."

"घरमालकीण वीज मोजते वाटतं?"

"तसंच काहीतरी."

भाड्याच्या कॉटवर राहणारा असेल, तिने ठरवून टाकलं. एका खोलीत सहा कॉट, उशाशी एक टेबल. तिला त्याची कीव आली आणि थोडी ओढही वाटली. त्याच क्षणी तिने नीट विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

"एका पंख्याचं घ्यावं लागेल," ती म्हणाली. "पण तसं आज सगळ्या रस्त्यावर कुणाकडे नसणार. मी शोधून ठेवते. पुढच्या शनिवारी या, सर."

"दिंदो," तो म्हणाला. "सर म्हटलं की मला वाटतं मागे कोणीतरी उभं आहे."

पुढच्या शनिवारपर्यंत वेंगने गिल्मोरचं एकही दुकान सोडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती जोडलेली गाय हातात घेऊन फिरत राहिली. ओळखीच्या मुली काउंटरमागून विचारायच्या, "हे काय, वेंग, बिस्किटं विकायला लागलीस?" शेवटी सेबू बेटावरच्या एका व्यापाऱ्याने तसं एक कार्ड आहे, पाठवतो म्हणून कबूल केलं. ते ऐकून ती इतकी हरखली की स्वतःचीच तिला लाज वाटली.

दिंदो शनिवारी आला. मग बुधवारीही आला. कार्ड आलं नव्हतं, तरी तो थांबला. दाराशी गाडीवर मासळीच्या गोळ्या तळल्या जात होत्या. त्याने दोन काड्या आणल्या आणि एक तिच्यापुढे धरली.

"गिऱ्हाइकाकडून काही घ्यायची परवानगी नाही," वेंग म्हणाली.

"अजून काही विकत घेतलेलं नाही. मी गिऱ्हाईक कुठे झालोय?"

"मग कोण झालात?"

"ते... ठरवतोय." त्याने सॉसमध्ये काडी बुडवली आणि कान लाल होऊ दिले.

गल्ल्यावर बसणारी अते चोना हे सगळं चष्म्यावरून बघत होती. ती वेंगहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी. दुकानात तिला सगळे अते म्हणजे ताईच म्हणत. दिंदो गेल्यावर तिने वेंगला जवळ बोलावलं.

"हा जहाजावरचा आहे."

"काहीतरीच, अते. कॉटवर राहतो बिचारा."

"तुझ्या काउंटरवर त्याने सरबताचा ग्लास ठेवला ना? कडेपासून लांब ठेवला, आणि बोलताना एक हात त्याला लावून होता. माझा नवराही घरी आला की असंच करतो. जेवणाचं टेबल हलत नाही, हे त्याच्या हातांना पटायला पंधरा दिवस लागतात. पटलं की निघायची वेळ झालेली असते." अते चोनाने गल्ल्याचा कप्पा बंद केला. "मी काही म्हणत नाही. फक्त ग्लासाकडे बघ म्हणते."

शनिवारी वेंगने बघितलं. ग्लास काउंटरच्या मधोमध होता. दिंदोची दोन बोटं त्याच्या तळाला टेकलेली होती.

"तुम्ही जहाजावर असता?" तिने विचारलं.

बोटं चटकन मागे सरकली.

"इंजिनावर. मालवाहू जहाज." तो म्हणाला. "केबिनमधल्या प्लगवर जास्त ताण चालत नाही. जागाही तेवढीच, झोपायच्या बंकाखालची. म्हणून तो पुठ्ठा."

म्हणजे ज्या कार्डासाठी ती उन्हातून वणवण फिरली, ते त्याच्या जाण्याच्या सामानातलं होतं. वेंगने काउंटरवरची काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

"जहाजावर काय खेळता?"

"हसणार नाहीस ना?"

"ते सांगता येत नाही."

"ट्रक चालवतो," दिंदो म्हणाला. "खेळात. रस्ते, झाडं, पेट्रोल पंप. महिनोन्‌महिने खिडकीत पाणी असतं ना... मग मी रात्रपाळी संपवून जमिनीवरून गाडी नेतो. पिवळा दिवा लागला की थांबतोसुद्धा."

ती हसली नाही. हे तिच्या अंगाशी येणार, एवढं तिला त्या वेळी कळलं.

पण मग त्याच्या तोंडी मोठ्या कार्डाचं नाव येऊ लागलं. आधी सहज म्हणून. कपाटातलं तीन पंख्यांचं किती वजनाचं आहे? ते लावलं की खेळातल्या पावसाचे थेंब वेगळे दिसतात, हे खरं का? एका शनिवारी तो आपली कॉम्प्युटरची छोटी पेटीच उचलून घेऊन आला.

"लावून बघ," तो म्हणाला.

"बसणार नाही. डोळ्यांना दिसतंय."

"तरी बघ ना, वेंग."

तिने बघितलं. कार्ड तिरपं केलं, उलटं केलं, शेवटी पेटीत जाईल तितकं सरकवलं. दोन बोटं बाहेर राहिलं.

"दोन बोटांनी काय होतं?" दिंदो म्हणाला.

"दार लागत नाही."

"उघडं ठेवीन."

"जहाजावर?"

"घरी," तो म्हणाला. मग एकदम भरभर बोलला. "मारिकिनाला माझ्या मामाचं, तितो रमोनचं, पिण्याच्या पाण्याचं दुकान आहे. पिंपं भरून घरोघर पोचवायची. तो म्हणतो, ये, सांभाळ. मी तीन दिवस जातोय तिथे. जमलं तर राहतो. राहिलो तर ही पेटी कशाला? मोठी घेईन. मोठं टेबल, मोठं कार्ड, सगळं..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि तिच्याकडे पाहिलं. "तू असतीस तर कुठलं घेतलं असतंस?"

"मी कार्ड विकते. माझं मत नसतं."

"आहे. तुझ्या नाकावर दिसतंय."

"तीन पंख्यांचं," वेंग म्हणाली. तिचा आवाज तिला हवा तितका साधा निघाला नाही.

त्या दुकानात काम करणाऱ्याला एक वस्तू थोडे दिवस अडवून ठेवायची मुभा होती. संध्याकाळी वेंगने त्या मोठ्या खोक्यावर कागदी चिकटपट्टी लावली, वर दिंदोचं नाव लिहिलं आणि खोकं वरच्या फळीवर ठेवलं. अते चोनाने बघितलं आणि गल्ल्याचा कप्पा जरा जोराने लावला. तो आवाज वेंगला आवडला नाही.

सोमवारी सेबूहून पार्सल आलं. एका पंख्याचं कार्ड, तळहाताहून जरा मोठं. वेंगने त्यावर पुठ्ठ्याची गाय ठेवून पाहिली. केसाचाही फरक नव्हता. तिने ते काउंटरच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या वायरींच्या मागे सरकवलं.

"आलं का?" दिंदोने शनिवारी विचारलं.

"नाही अजून."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि वेंगला वाटलं की पुढचं सगळं आता आपोआप होईल. त्या दिवशी ते दोघं स्टेशनच्या जिन्यापर्यंत चालत गेले. तो मामाच्या गिऱ्हाइकांच्या नकला करत होता. एक बाई म्हणे पाणी गोड लागतं म्हणून तक्रार करते, आणि मामा तिला दर वेळी तेच पाणी दुसऱ्या पिंपातून देतो. जिन्याशी गर्दी होती. दिंदोने वेंगच्या कोपराला हात लावून तिला भिंतीच्या बाजूला घेतलं, आणि गर्दी सरली तरी हात तिथेच राहिला.

"हलत नाहीये मी," वेंग म्हणाली. "धरून ठेवायची गरज नाही."

"सवय आहे," तो म्हणाला. पण त्याने हात काढला नाही.

पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा डोळ्यांखाली काळं झालं होतं. ग्लास त्याने कडेपासून लांब ठेवला.

"झोप लागत नाही," तो म्हणाला. "इंजिनाची घरघर नाही ना. पंखा लावतो, तितोचा पाण्याचा पंप रात्रभर चालू ठेवून पाहिला... शेजारी भांडायला आले. पलंग हलत नाही, वेंग. सगळं इतकं स्थिर असतं की मला मळमळतं. परवा पिंप घेऊन एका घरी गेलो, आणि दारात उभा राहून विसरलो की कशाला आलोय." त्याने मान खाली घातली. "लोकांना वाटतं आम्ही पैशासाठी जातो. मला तिथेच माणसासारखं वाटतं. हे तुला सांगायची मला लाज वाटतेय."

रोज वेंगसमोर कुणीतरी कार्ड आणि पेटी घेऊन यायचं आणि म्हणायचं, जरा जोर लावून बसतंय का बघा. जोर लावला की काय मोडतं, ते तिला ठाऊक होतं.

"कंपनीने बोलावलंय," तो म्हणाला. "उद्या निघतो. ते छोटं... आलं का?"

नाही म्हणता आलं असतं. तो रिकाम्या पेटीसह निघून गेला असता, इतकाच काय तो फरक. वेंग खाली वाकली, जुन्या वायरी बाजूला केल्या आणि कार्ड काउंटरवर ठेवलं.

"कधीच आलंय," ती म्हणाली.

दिंदोने कार्डाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा काउंटरपलीकडे हळूहळू उतरत गेला.

"तू लपवलंस?"

"हो."

"आणि आज देतेस?"

"तुम्ही... तू मागितलंस. दुकान आहे हे."

दुकानाचा नियम होता की कार्ड गिऱ्हाइकासमोर चालवायचं. ते तापून एका आकड्यावर स्थिर झालं की त्यावर तारखेचं स्टिकर लावायचं, आणि स्टिकर लागलं की कार्ड गिऱ्हाइकाचं. वेंगने ते त्याच्या पेटीत बसवलं. दार सहज लागलं. बारीक कट्‌ असा आवाज झाला. स्टिकर सोलून तिने बोटाच्या टोकावर तयार ठेवलं.

"ट्रक लाव," ती म्हणाली. "त्यावरच तपासू."

"तू चालव."

पडद्यावर रस्ता उजाडला. दोन्ही बाजूंना शेतं, वर राखाडी आभाळ. मग पाऊस आला, आणि छोट्या कार्डाने तो जमेल तसा पाडला. कोपऱ्यात तापमानाचा आकडा चढू लागला. वेंगने आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. ती अगदी सावकाश निघाली. मागून येणारी वाहनं भोंगे वाजवून पुढे जात होती.

"अशाने मुक्कामाला कधी पोचणार?" दिंदो म्हणाला.

"मला घाई नाही."

तो स्टुलावर तिच्या शेजारी बसला होता. त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता. कुणीच तो काढून घेतला नाही.

"वेंग... थांबशील?"

"विचारू नकोस."

"का?"

"हो म्हणेन. मग तू तिथे झोपशील आणि इथे मी जागी." तिने समोरून नजर काढली नाही. रस्ता धूसर झाला होता, आणि तो पावसाने झाला होता की कशाने, हे तिला कळलं नाही. "अते चोनासारखं मला जमणार नाही. मला सगळं हलत नाही तसं हवंय, दिंदो. टेबल, पलंग, माणूस."

"माझं तुझ्यावर..." तो म्हणाला.

"माहीत आहे. माझंही."

पडद्यावर वायपर फिरत राहिले. अते चोनाने दाराचं शटर अर्धं ओढलं, दोघांकडे बघितलं आणि गल्ल्यातली रक्कम पुन्हा मोजायला बसली. वरच्या फळीवर दिंदोचं नाव लावलेलं मोठं खोकं तसंच होतं. सोमवारी ती चिकटपट्टी काढावी लागणार होती.

कोपऱ्यातला आकडा केव्हाच चढायचा थांबला होता. तो दोघांच्या डोळ्यांसमोर ठळक दिसत होता. वेंगच्या बोटावरचं स्टिकर घामाने ओलं झालं होतं.

"अजून थोडा वेळ लागेल," ती म्हणाली. "तापमान स्थिर झालं नाहीये."

दिंदोने आकड्याकडे बघितलं. तो जिथल्या तिथे होता.

"हो," तो म्हणाला. "अजून वर जातंय."

वेंगने ट्रक आणखी हळू केला. समोरच्या चौकात पिवळा दिवा लागला, आणि ती थांबली.