एक वाजताची सावली

नवी वेबसाइट पाहून गिऱ्हाईक आधी खूश होतं आणि आठ दिवसांनी तक्रार घेऊन येतं, हे अकरा वर्षांच्या धंद्यात धम्मदीपला पाठ झालं होतं. म्हणून भिवापूरहून फोन आला तेव्हा त्याने हातातला घाससुद्धा खाली ठेवला नाही. हुडकेश्वरला त्याच्या भाड्याच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर. जेवण आणि काम एकाच टेबलावर चालायचं.

"धम्मदीपभाऊ, मी प्रेमिला बोलून राहिली. मधुकररावच्या घरून." बाईंचा आवाज दबका होता. "माझा सुशील दिसून नाही राहिला गा."

आता घास खाली आला. मधुकरराव मिरचीचे व्यापारी, धम्मदीपने आठवड्यापूर्वीच त्यांची नवी वेबसाइट चालू करून दिली होती; सुशील त्यांचा एकुलता एक मुलगा. ऑक्टोबरात उमरेड रस्त्यावर मोटरसायकल घसरली आणि जागीच गेला, सव्वीस वर्षांचा पोरगा. एवढं धम्मदीपला ठाऊक होतं. गेलेला मुलगा वेबसाइटवर कसा दिसणार, हे विचारायला त्याची जीभ रेटेना. बाईंनीच हळूहळू सांगितलं.

मधुकररावांचा गावाबाहेर सातरा आहे. मिरची वाळत घालतात आणि बाया ओळीने बसून देठ खुडतात, ते मोकळं आवार. दुपारी एकला बाया जेवायला उठल्या की सुशील वजनकाट्यामागे उभा राहून मोबाइलवर एक फोटो काढायचा. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना माल कसा वाळतोय ते कळावं म्हणून रोजचा फोटो वेबसाइटच्या 'सातरा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. ऊन पाठीमागून यायचं, त्यामुळे प्रत्येक फोटोत लाल मिरचीवर त्याची सावली पडलेली असायची. डोक्यावर टोपी, कोपर बाहेर काढलेलं. फोटो काढणाऱ्याचा फोटो कोण काढतं? पोराच्या चेहऱ्याचा म्हणाल तर घरात आधार कार्डावरचा तेवढा होता, आणि त्यात तो चोरासारखा दिसायचा. आई बिचारी रोज एक वाजता मोबाइल उघडून एकेक सावली बघायची. नवी वेबसाइट आली आणि ते बंद झालं.

चूक धम्मदीपचीच होती. नव्या वेबसाइटला त्याने नियम घातला होता की कुणी कोणताही पत्ता टाको, त्याला नव्या पहिल्या पानाकडे वळवायचं. दारावर बसवलेला कडक चौकीदारच म्हणा ना. फोल्डर जागच्या जागी होतं, पण तिकडे निघालेल्या माणसाला चौकीदार दंडाला धरून पुढच्या खोलीत आणून सोडत होता. धम्मदीपने नियमांच्या डोक्यावर एक ओळ लिहिली. सातरा सोडून. तिकडे जाणाऱ्याला अडवू नको.

"आता पाहा, काकू."

 मग बाई म्हणाल्या, "आहे गा. आहे माझा."  उष्ट्या हाताने तो तसाच बसून राहिला.

नऊ दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला, या वेळी आवाजात उजेड होता. "आज निळ्या ताडपत्रीवर सावली पडली त्याची. झ्याक दिसून राहिला."

"जुना फोटो असन, काकू."

"जुना कसा? ताडपत्री तर संक्रांतीले आणली."

धम्मदीपने फोल्डर उघडलं. सुशीलचा शेवटचा फोटो तेवीस ऑक्टोबरचा होता. त्यानंतर नऊ फोटो होते, त्याने ती ओळ लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज एक, दुपारी एकचा. त्याने सगळ्या नोंदी चाळल्या. कुणी काही चढवलं नव्हतं. सुशीलचं खातं धम्मदीपने स्वतः बंद केलं होतं, पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे नव्हता. सुशीलचा मोबाइल तर रस्त्यावरच चुरा झाला होता. नऊही फोटोंत टोपीवाली सावली होती, आणि रोज ती हातभर पुढे सरकत होती. धम्मदीप हिशेबी माणूस. होळी जवळ येत होती, ऊन डोक्यावर चढत होतं. एक वाजताची सावली दिवसागणिक आखूड व्हायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी काढली आणि साडेबाराला सातऱ्यावर पोचला. मिरचीच्या खकाण्याने नाक-डोळे झोंबत होते. भर आवारात, उन्हात, एक खाट टाकलेली होती आणि तिच्यावर प्रेमिलाबाई वजनकाट्याकडे तोंड करून बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, केस नीट विंचरलेले.

"जेवून नाही राहिली," मधुकरराव त्याला शेडखाली घेऊन म्हणाले. "सकाळपासून इथंच. म्हणते, पोरगं फोटो काढते तर मी त्यात असली पाहिजे. तू ते बंद करून टाक, बाप्पा. मले तिले हातची घालवायची नाही." मग खाली बघत ते म्हणाले, "त्या दिवशी मी त्याच्यावर खेकसलो होतो. फोटोत सावली काहून येऊ देतं म्हणलं, व्यापारी हासतात. सावली येत असन तर फोटो टाकूच नको. नाही टाकला त्यानं. गाडी काढून निघून गेला."

एक वाजला. बाया डबे घेऊन झाडाखाली गेल्या.

धम्मदीप काट्यापासून तीन पावलांवर उभा होता. काट्यामागे कुणी नव्हतं. तिथली माती मोकळी होती.

प्रेमिलाबाईंनी पदर सारखा केला आणि हसल्या.

त्याने मोबाइल उघडला. फोटो आला होता.

मिरची, निळी ताडपत्री, खाटेवर हसणाऱ्या बाई. टोपीवाली सावली त्यांच्यापासून वीस-बावीस हातांवर. खाटेच्या चारही पायांची सावली मातीवर स्पष्ट पडली होती. बाईंची नव्हती.

त्याने मान वर करून पाहिलं. समोर खाटेशेजारी बाईंची सावली चांगली ठळक पडलेली होती.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. तिथेच गाडीत बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याने ती एक ओळ पुसली. बाईंनी मोबाइल दाबून पाहिला, पुन्हा दाबला. नवं पहिलं पान तेवढं येत होतं.

"दार लावलं तू," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. "आता त्यानं काय करावं, सांग बरं." धम्मदीपने लॅपटॉप मिटून गाडी सुरू केली. परतताना उमरेडपर्यंत त्याला समोरचा रस्ता धड दिसत नव्हता.

त्यानंतर तेविसाव्या दिवशी प्रेमिलाबाई गेल्या. बाया जेवून परतल्या तेव्हा त्या खाटेवर तशाच बसलेल्या होत्या, काट्याकडे तोंड करून. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. धम्मदीप मातीला गेला, पण मधुकररावांच्या नजरेला नजर देण्याची त्याची हिंमत झाली नाही.

तेरवी झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मधुकररावांचा फोन आला.

"धम्मदीप, ते फोल्डर उघडून दे गा."

"काका, तुम्हीच तर म्हणले होते..."

"म्हणलो होतो. आता घरात कोणी बोलाले नाही राहिलं. घर खायले उठते."

या माणसाला नाही कोणत्या तोंडाने म्हणावं? धम्मदीपने ती ओळ परत लिहिली.

फोटो थांबलेच नव्हते. वाट बंद होती तेव्हाही ते रोज एक वाजता येतच होते. एकेक करून त्याने सगळे पाहिले. बाई रोज हसत होत्या आणि सावली जवळ येत होती, तेविसाव्या दिवशी ती त्यांच्या पावलांवर आली होती. पुढच्या दिवशी खाट रिकामी होती आणि सावली पुन्हा दूर, काट्याजवळ उभी होती. आता तिच्या शेजारी दुसरी सावली होती, ठेंगणी, डोक्यावर पदर घेतलेली.

"उघडलं का?" मधुकररावांनी विचारलं.

"हो."

"आजचा आहे?"

त्याने आजचा फोटो उघडला. "आहे. काका, आज एक वाजता तुम्ही कुठं होते?"

"तिच्या खाटेवर बसलो होतो. काहून?" मग त्यांनीच विचारलं, "सावली आली का गा त्याची?"

"आली. दोघांची आली."

पलीकडे म्हातारा रडायला लागला, बऱ्याच दिवसांनी मोकळं रडावं तसा. "येऊ दे," तो म्हणाला. "त्याले सांग, सावली येऊ दे. मी काही नाही म्हणत आता."

 पडद्यावर मधुकरराव खाटेवर बसले होते, हात गुडघ्यांवर, तोंड काट्याकडे. खाटेच्या चारही पायांची सावली मातीवर पडलेली होती. तेवढीच.