मोकळा सूर

हार्पोल वारले, तरी कॅन्सस सिटीत बँड त्यांच्याच नावावर चालू होता. मेलेला मालक उशिरा येणाऱ्यावर ओरडत नाही, एवढाच काय तो फरक, असं वादक म्हणत.

त्यांच्या ट्रॉम्बोनच्या खुर्चीवर आज एल्जिन टार्व्हर बसला होता. दुपारची तालीम हीच त्याची परीक्षा. पास झाला तर पाच वाजता बँडच्या बसमध्ये. नाहीतर सोमवारी पुन्हा कसाईखान्यात, डुकरं सोलायला.

या बँडला स्वरलिपीचा कागद वर्ज्य. धून सुरू झाली की ज्याने त्याने मोकळा सूर शोधायचा आणि तिथेच ठाण मांडायचं. दुसऱ्याच्या सुरावर बसणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात जेवणं.

हार्पोलनंतर बँड सांभाळणाऱ्या थिओटिसकाकांनी पियानोवरून चार आकडे मोजले. एल्जिनने सूर लावला. तिथे कुणीतरी होतं. खाली सरकला. तिथेही. वर गेला, तर तोही भरलेला.

"काय रे, भाड्याने खोली शोधतोयस का?" शेजारचा होझिया म्हणाला. तोही ट्रॉम्बोनवालाच.

"सगळे सूर भरलेत, भाऊ."

"अरे, ट्रॉम्बोन दोनच आहेत. तू आणि मी."

पुढच्या फेरीला एल्जिनने नुसतं ऐकलं. होझियाचा एक सूर. त्याच्या खाली दुसरा. जाड, किंचित खरखरीत, दमेकऱ्यासारखा. तोही ट्रॉम्बोनच.

"काका, हा खालचा कोण वाजवतोय?"

थिओटिसकाकांनी मान वर केली नाही. "तुझ्याआधी चौघांनी हेच विचारलं. चौघंही कसाईखान्यात आहेत. शेवटची संधी, पोरा."

एल्जिनने विचारणं बंद केलं. ट्रॉम्बोन ओठांशी धरला, गाल फुगवले आणि श्वास रोखून बसला.

धून सुरू झाली.

खालचा सूर आला. या वेळी जवळून.

ट्रॉम्बोनचा सूर बदलायचा दांडा पुढे सरकला. एल्जिनचा हात त्याच्यामागे गेला.

ओठांखालचं पितळ थरथरत होतं.

धून संपली.

"बसला!" थिओटिसकाका म्हणाले. "पाच वाजता बस. मागची खिडकी तुझी."

"मी सांगत होतो, पोरगा नुसता लाजतोय," होझिया म्हणाला.

एल्जिन हसला. सवयीने त्याने दांड्याखालची कळ दाबली. फार वेळ फुंकलं की नळीत श्वासाचं पाणी साचतं, ते सोडून द्यायचं असतं.

पाण्याची धार लागली. ऊन ऊन. थांबेचना.

होझियाने न बघताच आपला पाय बाजूला घेतला.